विमलताईंचा गल्लीतला पट

ओजस आणि सई,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला मोटारींच्या शर्यतीचा निकाल सांगत होतात. पहिला कोण, दुसरा कोण, कोणाचं टायर फुटलं, सगळं सांगून झालं. मग मी विचारलं, "ते ठीक आहे, पण सगळ्यांत शेवटी कोण आला?" तुम्ही एकमेकांकडे बघून हसलात. सई म्हणाली, "आजी, शेवटचा कोण, हे कोणीच विचारत नाही."

एक बाई विचारायची. तिच्यामुळेच तुमच्या या आजीला, जिला साधी स्कूटर चालवता येत नाही, शर्यतीची गाडी टायर बदलायला कधी थांबते ते कळतं. आता विषय निघालाच आहे तर तिच्याबद्दल लिहून ठेवते. अडलं तर बाबांकडून वाचून घ्या. वऱ्हाडी बोलणं मात्र त्यालाच वाचायला सांगा, कारण ते मला अजून नीट जमत नाही. लग्न होऊन या भागात आले त्याला पन्नास वर्षं होऊन गेली तरी माझी वऱ्हाडी ऐकून भाजीवाली हसते.

विमलताई म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, तुमच्या बाबांची आत्या. अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या एका अरुंद गल्लीत त्यांचं घर होतं. यजमान लवकर गेले. मुलगा प्रकाश आणि सून सुनीता यांच्याजवळ त्या राहायच्या. ठेंगणी, गोल बांध्याची बाई. कमरेला सुपारीची पिशवी आणि हातात अडकित्ता. बोलताना अडकित्ता थांबला, की समजावं आता काहीतरी महत्त्वाचं येणार.

मी त्यांच्या अगदी उलट. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला. घंटा वाजली की खडू खाली, असा माझा स्वभाव. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर मी नाव चिकटवते. विमलताई पहिल्यांदा अमरावतीला राहायला आल्या, तेव्हा त्यांनी सगळे डबे शांतपणे वाचून काढले आणि म्हणाल्या, "वयनी, तिखटाच्या डब्यावर 'तिखट' लिवलं, हे बरं केलं. पन तुमच्यावर काऊन नाई लिवलं? नवीन मानसाले कसं समजंन?"

आजोबा आठवडाभर हसत होते.

आता शर्यतीकडे येते. एका मे महिन्यात मी कुरडया करायला अकोल्याला गेले होते. त्यांच्या गच्चीवर ऊन असं पडायचं, की सकाळी घातलेली कुरडई दुपारी वाळून वाजायची. रविवारी संध्याकाळी बघते तर विमलताईंनी केसांना तेल लावून वेणी घातली आहे, खळ घातलेलं सुती लुगडं नेसल्या आहेत. कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या आहेत, सतरंजी अंथरली आहे आणि टीव्हीची काच ओल्या फडक्याने पुसली जाते आहे.

"कोणी येणार आहे का?" मी विचारलं.

"व्हय. वीस-बावीस जन."

मी पदर खोचला आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन डाळ भिजत घातली. एवढ्या माणसांना पिठलं-भाकरी करावी की सरळ मसालेभात, असा विचार चालू होता. परातीत पीठ काढलं तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय चाललं वयनी?"

"पाहुण्यांचं जेवण."

"थे जेवत नाई," त्या म्हणाल्या. "थे फक्त पयते. या, पाहा."

पयणं म्हणजे पळणं. अशी मी पहिल्यांदा मोटारींची शर्यत बघायला बसले. मोनॅको नावाच्या समुद्रकाठच्या छोट्या गावात ही शर्यत भर वस्तीतून होते. वर्षभरातल्या सगळ्या शर्यतींत विमलताईंचा जीव याच एका शर्यतीवर होता. मोकळ्या रानातल्या रुंद रस्त्यांच्या शर्यती त्यांना नको असायच्या. "मैदानात कोनी बी पयते," त्या म्हणायच्या. "गल्लीत पयून दाखवा." गॅलरीत उभी राहिलेली माणसं, दोन्ही बाजूंच्या भिंती, एकदम येणारं वळण, हे सगळं त्यांना आपल्या जुन्या शहरासारखं वाटायचं. त्या शर्यतीला त्या 'गल्लीचा पट' म्हणायच्या. पट म्हणजे आपल्याकडची बैलजोड्यांची शर्यत, शंकरपट. गाडी हाकणाऱ्या पोरांना त्या धुरकरी म्हणायच्या, कारण पटात बैल हाकणाऱ्याला तेच म्हणतात.

शर्यतीच्या आठवड्याला त्यांच्या घरी कार्य असल्याची कळा यायची. शुक्रवारी गाड्यांचा सराव. तो त्या बघत नसत. "नवरदेवाले हयद लागाच्या आधी काय पाहाचं?" शनिवारी कोण कुठे उभा राहणार ते ठरतं, म्हणून शनिवार म्हणजे हळद. आणि रविवार म्हणजे लग्न. त्या दिवशी दुपारी डुलकी घ्यायची नाही, कोणाकडे जायचं नाही, आणि कोणी आलंच तर त्याला सतरंजीवर बसवायचं आणि गप्प करायचं.

त्यांचा आवडता धुरकरी दरवर्षी बदलायचा. पद्धत सोपी होती. शनिवारी जो सगळ्यांत मागे राहील, तो रविवारी आपला.

"मागचाच का?" मी त्या पहिल्या दिवशी विचारलं. शिक्षकाला कारण लागतं.

अडकित्ता थांबला. "पुढचा त दिसतेच, वयनी. त्याले पाहाले सारी दुनिया हाय. मांगच्याकडं पाहा. पटाचा सारा खेळ थ्या मांगच्याच्या जिवात राह्यते."

आणि त्या गल्लीत मागचा पुढे जाऊच शकत नाही. रस्ता इतका चिंचोळा, की ज्या ओळीत निघाले त्याच ओळीत बहुतेक पोचतात. हे मला नंतर समजलं. विमलताईंना ते आधीपासून माहीत होतं, तरी दरवर्षी त्या मागच्याचाच हात धरून बसायच्या.

शर्यत सुरू झाली. मिक्सरमध्ये खोबरं घातल्यासारखा आवाज. मला एक गाडी दुसरीपासून ओळखू येत नव्हती. तेवढ्यात, दिवेलागणीला, लाइट गेली. मेमधल्या अकोल्यात यात नवल काही नाही. गल्लीत सगळीकडून "गेली, गेली" झालं. मला वाटलं आता विमलताई रडतील.

त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"आता पाहा," त्या अंधारात म्हणाल्या, "पयला बोगद्यातून भाईर निंघाला. डोयावर ऊन आलं. अन् थो आपला, मांगचा, आतापर्यंत उगाच नाई बसला…"

शेजारच्या दोन बायका आपल्या अंगणातून उठून आल्या. सुनीता हातातली कणीक तशीच घेऊन दारात उभी राहिली. विमलताई पट सांगत होत्या. समुद्रावरून वारा आला, एका धुरकऱ्याचं चाक भिंतीला घासलं, दुसरा तहानेने कासावीस झाला, बायकोची आठवण येऊन तिसऱ्याचा पाय हलला. "मंग, आजी?" कोणीतरी विचारायचं. "मंग काय! वळन आलं." मी घामाने भिजले होते, पण उठले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन बसले. खेळाच्या पानावर दोन ओळी होत्या. विमलताईंनी सांगितलेलं त्यात काहीच नव्हतं. मी ते त्यांना दाखवलं, कारण चूक दिसली की दाखवायची हा माझा धर्म.

"हा पेपरवाला तिथं होता काय?"

"होता असेल."

"मंग त्याचं तो सांगन. माह्यं मी सांगतो."

हे सगळं कुठून आलं, ते मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं. तेव्हा त्या आमच्या गावी, हिवरखेडलाच होत्या. तिथे आमच्या सासऱ्यांची पटाची बैलजोडी होती. पटाच्या दिवशी सगळे पुरुष मैदानात जायचे. बायका-पोरींनी तिकडे फिरकायचं नाही, असा दंडक. आठ-नऊ वर्षांची विमल घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर चढायची. तिथून मैदान दिसायचं नाही. दिसायची फक्त झाडांच्या वर उठणारी धूळ, आणि ऐकू यायची आरोळी. तेवढ्यावर ती खाली चुलीपाशी बसलेल्या बायकांना अख्खा पट सांगायची. आपली जोडी कुठे आहे, कोणता बैल अडला, धुरकरी कसा पडता पडता वाचला.

"अन् संध्याकाळी तुहा सासरा घरी येऊन काही वेगळंच सांगे," सासूबाई म्हणाल्या. "आमी त्याचं कधी खरं नाई मानलं."

ज्या बाईला गाड्या ताशी तीनशेच्या वेगाने पळालेल्या आवडायच्या, ती स्वतः कशी प्रवास करायची तेही सांगते. एकदा आम्ही दोघी दर्यापूरला बारशाला निघालो. एसटी चुकली म्हणून सामायिक जीप. दहाच्या जीपमध्ये सतरा माणसं, आणि विमलताई ड्रायव्हरच्या बाजूला. गाडी हलली तशी त्यांनी त्याचा दंड धरला.

"हळू, बाप्पा. मांग बाया बसल्या."

त्याने हळू केली. "आनखी हळू. तुह्या मायची शपथ हाय तुले."

त्याने आणखी हळू केली. कापसाच्या काळ्या रानातून जाणाऱ्या सरळ रस्त्यावर आमची जीप अशी चालली, की एक सायकलवाला पुढे गेला आणि पुढे जाऊन वळून बघायला लागला. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, असं करा, तुमी उतरून पायी चाला. मी मांगून मांगून येतो."

"चालंन," विमलताई म्हणाल्या. "पन माह्या मांगच राह्यजो. पुढं निंघू नोको."

एवढी सगळी तयारी करूनही त्यांना तो गल्लीचा पट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही बघायला मिळाला नव्हता. दरवर्षी काहीतरी व्हायचं. कधी लाइट, कधी केबल, कधी कोणाचं दुखणं. एका वर्षी नातवाने रिमोट पाण्याच्या माठात टाकला. "एकडाव, वयनी," त्या म्हणायच्या, "एकडाव मले तो पट निंघाल्यापासून पोचेपर्यंत पाहाचा हाय." त्यांची एवढीच इच्छा होती. एका वर्षी ती माझ्यामुळे हुकली.

तुमच्या अंजूआत्याचं लग्न ठरलं तेव्हा गोरज मुहूर्त निघाला, मेमधल्या शेवटच्या रविवारचा. विमलताईंनी हळूच विचारलं होतं, "दुसरा रविवार नाई भेटत काय?" मला वाटलं त्यांना काही उपास-तापास असेल. मी म्हटलं, नाही भेटत.

गोरज मुहूर्त म्हणजे संध्याकाळ, आणि नेमकी त्याच वेळी तिकडे गाड्या सुटतात. विमलताईंनी हिशोब केला. आपल्याकडे पत्रिकेवर जो मुहूर्त छापतात, तो खरं म्हणजे वरात घरून निघण्याचा. मग बँडवाले येतात, नवरदेवाचे मित्र चौकात नाचतात, कोणीतरी रुसतं, त्याला समजावायला चार जण जातात. वऱ्हाडात वेळेवर लग्न लागलेलं कोणी पाहिलेलं नाही. तोवर निदान अर्धा पट तरी बघून होईल. हा हिशोब कोणत्याही दुसऱ्या लग्नात बरोबर ठरला असता.

पण नवरीची आई मी होते. पत्रिकेवर 'ठीक' हा शब्द मी मुद्दाम ठळक छापून घेतला होता. दर्यापूरच्या व्याह्यांना महिनाभर रोज फोन करून मुहूर्ताची आठवण देत होते. वरात मुहूर्ताच्या आधीच कार्यालयाच्या फाटकात उभी! व्याही मला नंतर म्हणाले, "विहीनबाई, तुमच्या धाकानं आमी पोट्ट्याइले रस्त्यात नाचू बी नाई देलं."

आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागे दिवा धरून आत्या उभी राहते. अंतरपाट धरला गेला, गुरुजींनी घसा खाकरला, आणि अंजूच्या मागची जागा रिकामी. दुसरी कोणी दिवा धरू म्हणेल, तर दिवाही सापडेना, कारण पितळेचा दिवा आत्याबरोबरच गेला होता. गुरुजींनी एक मंगलाष्टक दोनदा म्हटलं. आजोबा माझ्याकडे बघत होते, मी छताकडे.

कार्यालयाच्या रखवालदाराच्या खोलीत एक छोटा टीव्ही होता. तिथून त्या अक्षरशः धावत आल्या. हातात पेटलेला दिवा, वात विझू नये म्हणून दुसरा हात आडवा धरलेला, आणि मागे त्यांच्या चपला हातात घेतलेला रखवालदार. अंजूच्या मागे उभ्या राहिल्या, दिवा सरळ धरला. सगळ्या मांडवाचे डोळे त्यांच्यावर. आणि 'सावधान'च्या गजरात त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "वयनी, पयल्याच वळनावर दोघं भिडले!"

त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मांडव उतरत असताना मीच त्यांना विचारलं, "आणि मागचा?" विचारून झाल्यावर माझं मलाच आश्चर्य वाटलं.

त्यानंतर मी ठरवलं की ही इच्छा आपण पूर्ण करायची. मी काही ठरवलं की घरच्यांना धडकी भरते. मी अमरावतीच्या घरी मोठा इन्व्हर्टर बसवला. केबलवाल्याला घरी बोलावून चहा पाजला आणि सारी वायर तपासून घेतली. त्या रविवारी कोणी येऊ नये म्हणून सगळ्या नातेवाइकांना आधीच कळवलं. आजोबांना त्यांच्या मित्राकडे धाडलं. विमलताईंना अकोल्याहून आणवलं. त्यांच्यासाठी राजापेठेतून गिला वडा मागवला, कूलर काठोकाठ भरला, आणि दारावरची घंटा बंद करून टाकली.

लाइट गेली नाही. केबल गेली नाही. कोणी आलं नाही. पाऊस नाही, अपघात नाही. विमलताईंनी गल्लीचा पट सुटल्यापासून संपेपर्यंत पाहिला. गाड्या एकामागे एक, एकामागे एक, मुंग्यांच्या रांगेसारख्या फिरल्या. कोणी कोणाला ओलांडलं नाही. मागचा मागेच राहिला. मध्येच त्या उठून माझ्या कुंड्यांना पाणी घालून आल्या. परत आल्या तेव्हाही मुंग्या त्याच ओळीत होत्या.

शर्यत संपली. पहिला आलेला मुलगा बाटली हलवून फेस उडवत होता. मी त्यांच्याकडे मोठ्या अपेक्षेने बघत होते, जशी एखादी परीक्षक आपल्याच विद्यार्थिनीकडे बघते.

"संपलं?" त्या म्हणाल्या.

"संपलं! पूर्ण पाहिलात, विमलताई."

"हे एवढंच असते काय?"

अडकित्ता बराच वेळ नुसता उघडा राहिला. मग त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मीच काहीतरी बिघडवलं होतं.

"वयनी, आज लाइट काऊन नाई गेली?"

इन्व्हर्टर अजून आपल्याकडे आहे. त्याच्याकडे बघितलं की मला लाज वाटते. पुढच्या वर्षी त्यांनी अमरावतीला यायला साफ नकार दिला. "तुमच्याकडं लय बरोबर चालते," एवढंच म्हणाल्या.

मग दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्या न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यात नजरही कमी होत गेली. मे आला तसा सुनीताचा फोन आला, "मामी, आई काई बोलतच नाई. तुमी या न." मी कपडे भरले आणि एसटीने निघाले.

खाटेवर त्या अगदी लहान दिसत होत्या. अडकित्ता उशाशी होता, पण सुपारी बंद झाली होती. शनिवारी मी त्यांना मागचा कोण ते सांगितलं, निळ्या गाडीचा एक नवखा मुलगा. त्यांनी मान हलवली. रविवारी सुनीताने त्यांचे केस विंचरून दिले, सुती लुगडं नेसवलं, खाट टीव्हीकडे वळवली. कूलर घरघरत होता.

शर्यत सुरू झाली. विमलताई पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांना काही दिसत नव्हतं.

"रंग दिसते," त्या म्हणाल्या. "गाड्या दिसत नाई."

"मी सांगते ना. निळी गाडी शेवटी आहे. पुढच्या गाडीत आणि तिच्यात…" मी पडद्यावरचे आकडे वाचून दाखवले. माझं वाचन स्पष्ट आहे. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मी बसून राहिले. गाड्या फिरत होत्या. टीव्हीवरचा निवेदक प्रत्येक गोष्ट जशी घडली तशीच सांगत होता, आणि तो थांबेल असं काही दिसत नव्हतं. त्या रविवारी अकोल्याच्या लाइटला जायची बुद्धी होत नव्हती. विमलताईंचा पट त्यांच्या डोळ्यांसमोरून चालला होता आणि त्यांच्या हाताला लागत नव्हता.

मी उठले. टीव्हीच्या मागे हात घातला आणि पिन ओढून काढली. पडदा काळा झाला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"लाइट गेली," मी म्हणाले.

खोलीत शांतता झाली. म्हणजे झाली असती, पण कूलर तसाच जोरात चालला होता. डोक्यावर ट्यूबलाइट जळत होती. खोटं बोलण्याची सवय नसली की माणूस असा उघडा पडतो.

विमलताईंच्या गालावर कित्येक महिन्यांनी हसू आलं. "कूलर चालू ठेवून लाइट गेली! हे पयल्यांदाच पाहून राहिली मी."

आणि त्यांनी डोळे मिटले.

"बोगद्यातून पयला भाईर निंघाला," त्या सांगू लागल्या. "डोयावर ऊन… अन् मांगचा…" श्वास पुरेना. त्यांनी हाताने मला खूण केली. "आता तुमी."

"मी?"

"मंग काय कूलर सांगन?"

मी सुरुवात केली. पहिल्या क्रमांकावरील चालकाने वळण सुरक्षितपणे पार केले, असं काहीतरी. त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "वयनी, बातम्या नोका सांगू. पट सांगा."

मग मी पण डोळे मिटले. समुद्रावरून ढग आणला. रस्ता ओला केला. पुढच्या दोघांना वळणावर एकमेकांच्या चाकात अडकवलं, आणि त्यातल्या एकाला सासऱ्याचा राग आलेला आहे असंही सांगून टाकलं. कुठून आलं कोण जाणे. निळ्या गाडीतल्या पोराला मी हळूहळू वर आणू लागले. सुनीता स्वयंपाकघरातून आली, कणकेच्या हातांनी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मंग, मामी?"

मी जन्मभर वर्गात बोलले. पण 'मंग?' असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

शेवटी मी त्या पोराला तिसरा आणला. पहिला आणायची माझी हिंमत झाली नाही. इतकं मोठं खोटं माझ्या तोंडून निघेना.

"तिसरा?" विमलताईंनी विचारलं.

"तिसरा."

"बरं," त्या म्हणाल्या आणि झोपल्या.

सकाळी मी फोनवर निकाल पाहिला. निळी गाडी सगळ्यांत शेवटी आली होती. कोणाला काही सांगितलं नाही. बॅग भरली, विमलताई पाया पडू देत नाहीत म्हणून त्यांच्या कपाळावरून हात फिरवला, आणि बाहेरच्या पायरीवर चप्पल घालायला बसले. अमरावतीच्या बसची वेळ झाली होती, रिक्षा दारात उभी होती. तेवढ्यात शेजारची रेखा रोजच्यासारखी दूध घेऊन आत गेली. खिडकी उघडी होती.

"काय आजी, काल पट झाला म्हने!"

"झाला न. बस. असा पट पाह्यला नाई तू. पाऊस आला, रस्ता असा घसरता. पुढच्या एकाचं सासऱ्यासंगं भांडन झालेलं…" मध्ये मध्ये दम लागत होता, पण आवाज मोठा होता. "अन् तो मांगचा, निया गाडीवाला, सगळ्याइले ओलांडून पयला आला!"

"पन आजी, थ्या गल्लीत त कोनी कोनाच्या पुढं निंघत नाई, असं तुमीच सांगता."

"नाईच निंघत. म्हनून त सांगून राहिली न तुले! आमच्या वयनीनं सोता पाह्यलं, इचार तिले. थे कधी खोटं बोलत नाई."

"मंग? कसा निंघाला पुढं?"

रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. "बाई, चला न, बस सुटून जाईन."

मी त्याला हाताने थांब म्हटलं. माझा तो पोरगा तिसरा होता. तो पहिला कसा आला, ते मला ऐकायचं होतं.

त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या चुकीने माझी बस गेली.